व्हिटॅमिनची गोळी कुणाला लागते?

बी कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घेतली की काही तासांत लघवी पिवळीधमक होते. मग ‘उष्णता झाली’ म्हणत घरात सब्जा भिजत पडतो. उष्णतेचा इथे काही संबंध नाही. तो रंग कॅप्सूलमधल्या बी-२चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. शरीराला दिवसाकाठी ते साधारण २ मिलिग्रॅम पुरतं, कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा १० मिलिग्रॅम भरलेलं असतं. जास्तीचं मूत्रपिंडं बाहेर काढून टाकतात.

यात नुकसान झालंच तर खिशाचं. पण त्यामुळे एक समजूत पक्की झाली आहे : ‘व्हिटॅमिनच आहे, घेऊन टाका, फायदा नाही झाला तरी तोटा नाही.’ ही समजूत किती महागात पडू शकते हे बीटा कॅरोटीनने, म्हणजे गाजरातल्या केशरी रंगद्रव्याने, दाखवून दिलं.

गाजर, पपई, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीनही जास्त असतं, असं अनेक पाहण्यांत दिसलं होतं. मग तेच गोळीतून का देऊ नये? फिनलंडमध्ये सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष निवडले गेले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना नुसती खोटी गोळी. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. जास्त! अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, धूम्रपान करणाऱ्या आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या १८,३१४ लोकांवर. तिथे बीटा कॅरोटीनच्या जोडीला ‘अ’ जीवनसत्त्वही होतं. कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला दिसल्यावर १९९६च्या जानेवारीत, ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधीच, त्या गोळ्या थांबवल्या गेल्या.

हे असं का व्हावं? एक तर गाजर खाणारा माणूस बहुधा इतर बाबतींतही वेगळा जगत असतो. फायदा गाजराचा की त्याच्या एकूण राहणीचा, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. दुसरं म्हणजे फेरेट या प्राण्यावरच्या प्रयोगांत दिसलं, की धुराने भरलेल्या फुप्फुसात मोठ्या डोसातलं बीटा कॅरोटीन मोडतं आणि त्याचे तुकडे पेशींना त्रासदायक ठरतात. पपई खाऊन तेवढी मात्रा रोजच्या रोज पोटात जात नाही.

एवढं वाचून सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकायच्या असतील तर थोडं थांबा, कारण फॉलिक अ‍ॅसिडची कहाणी अगदी उलट आहे, आणि तिची सुरुवात आपल्या मुंबईतली आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता : रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. विल्स यांनी या बायकांच्या जेवणासारखं निकस जेवण माकडांना देऊन पाहिलं, आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने रक्तक्षय बरा होतो हे शोधून काढलं. त्यातला तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. गोळीतलं त्याचं रूप म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. १९९१ साली आणखी एक निकाल आला. ज्यांच्या आधीच्या बाळात मणक्याचा किंवा मेंदूचा जन्मजात दोष होता, अशा स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

इथे वेळ फार महत्त्वाची. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. तोवर बाईची पाळी जेमतेम चुकलेली असते. म्हणून ही गोळी दिवस गेल्यावर नव्हे, मूल हवं असं ठरल्यावरच सुरू करायची : रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि आधी असं बाळ झालं असेल तर डॉक्टर सांगतील तो मोठा डोस.

आता बी-१२. महाराष्ट्रात गोळ्यांचा विषय निघाला की माझ्या मते सगळ्यात आधी याचाच विचार व्हावा. हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात, ना प्राणी. ते बनवतात जिवाणू. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं, म्हणून मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून आपल्याला मिळतं. भाजी-भाकरी-वरणात ते जवळपास नसतंच. १०० मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम, आणि दूध पुन्हा पुन्हा उकळलं की त्यातलंही घटतं. गरज रोजची सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅम. चहातल्या दुधावर आणि जेवणातल्या वाटीभर ताकावर हिशेब बसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. खाऊनपिऊन सुखी घरांतली ही अवस्था.

यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता सावकाश उघड होते : थकवा, जीभ लाल होणं, पायांना मुंग्या, विसरभोळेपणा. आपण वयाला दोष देतो. मधुमेहींनी तर जास्तच लक्ष द्यायला हवं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होतं, आणि पायांच्या मुंग्या ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून दिल्या जातात. रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचंही तेच, कारण अन्नातून बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं.

अडीच मायक्रोग्रॅमची गरज आणि गोळी १००० मायक्रोग्रॅमची, हा काय प्रकार, असं वाटेल. जठरात तयार होणारं एक प्रथिन बी-१२ला धरून आतड्यात पोचवतं, पण त्याची एका वेळची झेप दीड-दोन मायक्रोग्रॅमचीच. बाकीच्यातलं सुमारे एक टक्का आपसूक झिरपतं. १००० मधले दहाएक मायक्रोग्रॅम रक्तात जातात आणि काम भागतं, म्हणून बऱ्याच जणांना इंजेक्शन टोचून घ्यायची गरजही पडत नाही. मात्र रक्त तपासायचं ते गोळी सुरू करण्याआधी. नंतरचा आकडा गोळीमुळे फुगलेला असतो. आणि बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहू नये. रक्तक्षय सुधारतो, मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालू राहते.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर रोज २००० युनिट देऊन पाहिलं. कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाला नाही. त्यातल्या बहुतेकांना कमतरता नव्हती, त्यामुळे कमतरता असलेल्याने औषध घेऊ नये असा याचा अर्थ नाही. पण ६०,००० युनिटची पुडी ही आठवड्याला एक, आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज किंवा वर्षभर घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. हे ‘ड’ चरबीत साठतं, बी-२सारखं लघवीतून निघून जात नाही.

डब्यांवरच्या जाहिरातींचं म्हणाल, तर भारतात हेल्थ सप्लिमेंट कायद्याने अन्न मानलं जातं, औषध नव्हे. डबा फिरवून बघा, बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापलेलं असतं. पुढच्या बाजूला मात्र रोगप्रतिकारशक्ती, तेज, ऊर्जा, सगळं काही.

केसांसाठीच्या गोळ्यांत भरपूर बायोटिन असतं. ज्याच्या शरीरात त्याची कमतरता नाही, आणि ती क्वचितच असते, त्याचे केस त्याने दाट होतात याला भक्कम पुरावा नाही. पण बऱ्याच प्रयोगशाळांच्या चाचण्यांमध्ये बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्यांत गोंधळ घालतं. थायरॉईडच्या तपासणीतलं टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं. हृदयविकाराच्या झटक्यात तपासतात ते ट्रोपोनिनही. तेव्हा थायरॉईडचा रिपोर्ट एकाएकी बिघडलेला आला, तर थायरॉईडचं औषध बदलण्याआधी डॉक्टरांना त्या केसांच्या गोळीबद्दल सांगा, आणि ती काही दिवस बंद ठेवून रक्त पुन्हा द्यायचं का, ते विचारा.