विंटेज शैलीचा ड्रेस

साधारण १९२० ते १९७० या काळातल्या पाश्चात्त्य स्त्रीवेशाच्या बेतावरून आज नव्याने शिवलेला ड्रेस म्हणजे विंटेज शैलीचा ड्रेस. बेत, म्हणजे कापड कापण्याची आणि जोडण्याची आखणी, हा यातला कळीचा शब्द. ठिपक्यांचे कापड, लाल पट्टा आणि केसांत माळलेले फूल ही या शैलीची बाजारातली ओळख असली, तरी मुंढा (बाही जिथे जोडतात तो गोल) किती वर आहे, कंबर नेमकी कुठे बसते आणि घेर कुठून सुटतो यावर ड्रेस जुन्या वळणाचा ठरतो. दुकानात ‘विंटेज’ म्हणून टांगलेले पुष्कळ तयार ड्रेस या कसोटीला उतरत नाहीत. त्यामुळे या शैलीचा नाद लागलेली बरीच मंडळी उशिरा का होईना शिवणयंत्रासमोर येऊन बसतात.

‘विंटेज’ हा शब्द मुळात वाइनचा. द्राक्षे कोणत्या सालच्या हंगामातली, हे सांगणारा. कपड्यांच्या व्यवहारात वीस वर्षांपेक्षा जुना आणि शंभरीच्या आतला कपडा विंटेज, शंभरी ओलांडली की ॲंटिक, असा ढोबळ संकेत आहे. जुना अस्सल कपडा जपून वापरणे ही एक गोष्ट, त्याची टाक्याला टाका हुबेहूब नक्कल करणे दुसरी आणि जुना बेत घेऊन आजच्या अंगाला, आजच्या कापडात बसवणे तिसरी. ही नोंद मुख्यतः तिसरीविषयी आहे, कारण शिवणाऱ्यांची गर्दी तिथेच आहे.

कागदी पॅटर्न

घरी शिवलेल्या पाश्चात्त्य ड्रेसचा इतिहास हा बराचसा कागदाचा इतिहास आहे. अमेरिकेत एलन डेमोरेस्ट या बाईंनी १८६०च्या सुमारास कागदी पॅटर्न, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे नमुने, विकायला सुरुवात केली. पण ते एकाच मापाचे असत, पुढचे घेणाऱ्याने पाहून घ्यायचे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३मध्ये वेगवेगळ्या मापांचे पॅटर्न बाजारात आणले. आधी पुरुषांचे आणि मुलांचे, मग १८६६पासून बायकांच्या कपड्यांचे. पॅटर्न विकणाऱ्या कंपन्यांपैकी मॅकॉल १८७०मध्ये आणि स्वस्तातली सिम्प्लिसिटी १९२७मध्ये आली. ‘व्होग’ मासिकाने १८९९मध्ये पॅटर्न द्यायला सुरुवात केली आणि १९४९पासून तर पॅरिसच्या नामांकित फॅशन-घराण्यांच्या बेतांचे पॅटर्न परवान्याने विकले.

जुने पॅटर्न हातात घेतले की आधी गोंधळ होतो. पातळ कागदावर एक अक्षरही छापलेले नसते. नुसती भोके पाडलेली असतात. मोठी भोके म्हणजे उभा धागा, छोटी म्हणजे टक्स (अंगाच्या आकारासाठी घ्यायच्या चिमट्या), कडेला खाच म्हणजे जोड. कागदावर रेषा आणि सूचना छापण्याची पद्धत मॅकॉलने १९२०च्या सुमारास आणली आणि बाकीच्यांनी ती बऱ्याच उशिरा उचलली. सूचनापत्रही आजच्या मानाने त्रोटक असते: ‘बाही लावा’ एवढेच. कशी लावायची हे आईकडून किंवा शाळेतल्या शिवणाच्या तासाला शिकलेले असणार, असे गृहीत होते. असे हजारो पॅटर्न ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवले आहेत. कोणता बेत कोणत्या सालचा, हे ठरवायला अभ्यासकांना त्याचा फार उपयोग होतो.

काळ आणि कट

१९२०च्या दशकातला ड्रेस कमरेला विचारीतच नाही. सरळ खाली येतो आणि पट्टा नितंबांवर बसतो. तिशीच्या दशकात पॅरिसची ड्रेसकार मादलेन व्हिओने हिच्यामुळे गाजलेला उरेब कट आला. कापड तिरपे कापले की ते अंगावर वितळल्यासारखे बसते, पण शिवताना तितकेच छळते. नवशिक्यांनी तिशीचे दशक जरा लांबच ठेवावे.

चाळिशीचा निम्मा ड्रेस युद्धाने बेतला. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते मार्च १९४९पर्यंत चालले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळाली; लोकरीच्या एका ड्रेसला त्यांतली ११ जात. पुढे चुण्या, खिसे आणि बटणे यांवरही मर्यादा आल्या. सरकारी मान्यतेच्या कपड्यांवर ‘सीसी ४१’ ही खूण असे. रुंद खांदे, गुडघ्यापर्यंतची लांबी आणि बेताचा घेर हे आज डौलदार वाटणारे रूप मोठ्या प्रमाणात कापडाच्या टंचाईतून आलेले आहे. अमेरिकेत १९४२मध्ये घेर आणि लांबी यांवर बंधने आली. तिथल्या शेतकरी घरांत पिठाच्या आणि कोंबडीखाद्याच्या सुती पोत्यांचे ड्रेस आधीपासून शिवले जात होते. गिऱ्हाईक टिकावे म्हणून गिरण्या त्या पोत्यांवर फुलांची नक्षी छापू लागल्या होत्या. एका ड्रेसला साधारण तीन पोती लागत, त्यामुळे एकाच नक्षीची तीन पोती मिळवणे हा घरच्या बाईचा स्वतंत्र उद्योग होता.

मग १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये क्रिस्तियां दियॉरने आपला पहिला संग्रह दाखवला. उतरते खांदे, चिमटलेली कंबर आणि पोटरीपर्यंत पसरलेला घेर. ‘हार्पर्स बझार’च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटले आणि तेच नाव चिकटले. गिरणीमालक मार्सेल बुसाक हा दियॉरचा भांडवलदार होता, हे लक्षात घेतले की इतक्या वारी कापडाचा अर्थ थोडा वेगळा लागतो. कूपनांवर दिवस काढणाऱ्यांना हा घेर खुपला. पॅरिसच्या रू लपिक बाजारात त्याच वर्षी बायकांनी असा ड्रेस घातलेल्या मॉडेलच्या अंगावरचे कपडे फाडल्याची छायाचित्रे आहेत. आज ‘विंटेज ड्रेस’ म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जे येते ते या घेराचेच पन्नाशीतले, घरी परवडणारे रूप.

वॉकअवे ड्रेस

या घरगुती रूपाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना बटरिक कंपनीने १९५२मध्ये ६०१५ या क्रमांकाने काढला. न्याहारी झाली की शिवायला घ्या आणि दुपारच्या जेवणाला घालून बाहेर पडा, अशी त्याची जाहिरात होती; त्यावरून ‘वॉकअवे’ हे नाव. पुढे कंपनीने तो ४७९० क्रमांकाने पुन्हा छापला आणि विंटेज शिवणाची सुरुवात असंख्य जणींनी याच ड्रेसने केली.

रचना मोठी हुशार आहे. बाजूची शिवण नाहीच. ड्रेस डोक्यातून घालायचा, पुढचा अरुंद भाग कमरेवरून मागे नेऊन अडकवायचा आणि मागचा पूर्ण घेर दोन्ही बाजूंनी पुढे आणून कमरेवर बटणे लावायची. समोरून पाहिले तर घेराच्या दोन कडांमधून आतला सरळ भाग डोकावतो. चेन नाही, बाही नाही, मापातही थोडे इकडे-तिकडे चालते.

आता दोष. सगळा घेर मागच्या भागाला जोडलेला असल्याने वजन मागे ओढते, खांदे मागे सरकतात आणि पुढचा गळा गळ्याशी येऊन टेकतो. बाजू उघडी असल्याने काखेखाली फट पडते आणि आतले कपडे दिसतात. हलके कापड घेणे, पुढचा गळा थोडा खोल करणे, कमरेला आतून आणखी एक हुक लावणे असे उपाय शिवणारे करतात. राहिला न्याहारी ते जेवणाचा हिशेब. ड्रेसच्या सगळ्या मोकळ्या कडांना उरेब पट्टीची गोट मारायची असते. एवढ्या कामात सकाळ सहज निघून जाते, तेव्हा जेवण रात्रीचे धरावे.

माप, कापड, शिवण

पहिली ठेच मापाच्या आकड्याला लागते. चाळिशीतल्या अमेरिकी पॅटर्नवर १६ आकडा असेल तर छाती ३४ इंच. १९६०च्या दशकाअखेर आकडे बदलले आणि आजच्या मोठ्या कंपन्यांच्या पॅटर्नवर तीच ३४ इंच छाती १२ आकड्याखाली सापडते. दुकानातल्या तयार कपड्यांचे आकडे आणखी निराळे. म्हणून आकडा विसरून टेप हातात घ्यावी. आपल्याकडच्या शिवणक्लासमध्ये छातीचा चौथा हिस्सा अधिक माया (शिवणीसाठी सोडलेले जादा कापड) अशा हिशेबाने थेट खाकी कागदावर ड्राफ्टिंग करतात. त्या पद्धतीत तयार झालेल्यांना ही भानगड फारशी जाणवत नाही, उलट हसू येते.

जुन्या पॅटर्नच्या एका पाकिटात एकच माप असते, त्यामुळे तो कापून, फाकवून, मध्ये कागद चिकटवून वाढवावा लागतो. मूळ पॅटर्नला कात्री लावू नये. त्यावरून दुसरा उतरवून घ्यावा. जुने बेत आतून घट्ट पट्टे आणि टोकदार ब्रा घातलेल्या शरीरासाठी काढलेले होते. ते तसेच्या तसे शिवले तर टक्सची टोके भलतीकडे येतात. आधी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवून पाहण्याचा कंटाळा जो करतो, तो चांगले कापड वाया घालवतो. नव्याने छापलेल्या जुन्या बेतांची तक्रार उलटी आहे: त्यांत सैलपणा जास्त ठेवलेला असतो आणि कंबर घट्ट बसावी अशी अपेक्षा धरून शिवलेला ड्रेस पोत्यासारखा लोंबतो.

पूर्ण घेराचा स्कर्ट, म्हणजे आपल्या शिंप्यांच्या भाषेत अंबरेला कट, हिशेबाने सोपा आहे. कंबर २८ इंच असेल तर तिला ६.२८ने भागायचे, साधारण साडेचार इंच त्रिज्या येते. लांबी २७ इंच धरली तर खालचा घेर १९८ इंचांच्या आसपास जातो, म्हणजे साडेपाच वार. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून दोन अर्धगोल काढायला माया सोडून साडेतीन वार लागतात; वरचे अंग वेगळे. नऊ वारांची सवय असलेल्या घरात हे काही फार वाटू नये. खरी काळजी तळाची. गोल कापलेल्या घेरात काही भाग सरळ धाग्यावर येतो, काही उरेब. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. त्यामुळे कंबर जोडून ड्रेस निदान एक रात्र टांगून ठेवायचा, मग अंगावर घालून जमिनीपासून सगळीकडे सारखे अंतर मोजून खूण करायची आणि तेव्हाच तळ दुमडायचा. ही रात्र वाचवली की पहिल्याच धुण्यानंतर तळ वेडावाकडा दिसतो.

घेर फुललेला राहतो तो आतल्या नेटच्या पेटीकोटमुळे. घागऱ्याखाली लावतात ती कॅनकॅन तेच काम करते. कंबर जागेवर राहावी म्हणून आतून एक न ताणणारी पट्टी टाकतात. घेराचे वजन ती पेलते आणि चेनवरचा ताण कमी होतो. पन्नाशीपर्यंतच्या ड्रेसला चेन बहुधा डाव्या बाजूच्या शिवणीत आणि धातूची असे. नायलॉनची चेन पुढे साठीत रुळली. आतल्या कडा तेव्हा अनेकदा कंगोरेदार कात्रीने कापून तशाच सोडत. तीच पद्धत वापरली तर शिवण पातळ राहते, पण आजच्या धुण्याच्या यंत्रात तिचे काही खरे नाही. तिथे इंटरलॉक केलेली बरी. कापडात सुती पॉपलिन सगळ्यांत आज्ञाधारक. चाळिशीच्या बेताला रेयॉन क्रेप शोभतो, पण तो आटतो. कापण्याआधी भिजवून वाळवून घ्यावा.

घालणे

ब्रिटनमधल्या गुडवुड मोटार-शर्यतमार्गावर सप्टेंबर १९९८पासून ‘गुडवुड रिव्हायव्हल’ भरते. तिथे प्रेक्षकही १९४८ ते १९६६ या काळातल्या वेशात येतात, कारण मूळ शर्यती त्या वर्षांत होत. लास वेगासमधला रॉकबिली (पन्नाशीतल्या रॉक अँड रोलचा एक प्रकार) संगीताचा मोठा मेळावाही १९९८चाच. पण या शैलीचे खरे भक्त मेळाव्याची वाट पाहत नाहीत; ऑफिसात, बसमध्ये, भाजी आणायला तोच ड्रेस. त्यांच्या मते रोज घातल्याशिवाय तो वेश होत नाही, सोंग राहते.

एक प्रश्न मात्र पिच्छा सोडत नाही. ज्या काळाचा घेर इतका गोड वाटतो, त्या काळात अमेरिकेत वर्णभेद कायद्याने चालू होता आणि बाईने घरात राहावे ही अपेक्षा जाहिरातींतून ठासली जात होती. न्यूयॉर्कचा बँडप्रमुख डँडी वेलिंग्टन याने रूढ केलेली घोषणा या वर्तुळात बरीच ऐकू येते: शैली विंटेज, मूल्ये नव्हेत.

महाराष्ट्रात मोठ्या बाईचा ड्रेस हा प्रकार ख्रिस्ती घरे सोडली तर उशिरा आला. ‘फ्रॉक’ म्हटले की अजून लहान मुलगीच डोळ्यांसमोर येते. तरीही मुंबईच्या मंगळदास मार्केटातून सुती कापड आणून गल्लीतल्या शिंप्याकडून पन्नाशीच्या धाटणीचा ड्रेस शिवून घेणाऱ्या मुली आता दिसतात. त्यासाठी खण घ्यायचा असेल तर पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो आणि अर्धगोल त्यात मावत नाही. घेर कळ्या जोडूनच करावा लागतो, आणि प्रत्येक कळीला नक्षीची दिशा एकच राहील याकडे कापतानाच लक्ष ठेवावे लागते.