पिल्लांचा खाऊ पावसाळ्यात का रुसतो?

पावसाळा लागला की गोव्यातल्या घरोघरच्या फिशटँकवाल्यांचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं. आर्टेमिया म्हणजे माशांच्या पिल्लांना खाऊ म्हणून घालतात तो खाऱ्या पाण्यातला इवलासा जीव. मे महिन्यात ज्या डब्यातली त्याची अंडी एका दिवसात भरभरून फुटली, त्याच डब्यातली ऑगस्टमध्ये तळाशी ढिम्म बसून राहतात. इकडे फायटर माशाची पिल्लं उपाशी मरतात आणि दोष दुकानदाराला जातो. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार आपल्या खिडकीतून आत येणारी दमट हवा असते.

गप्पी किंवा मॉलीचं पिल्लू जन्मतःच पोहतं आणि खातं. फायटरचं तसं नाही. ते अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम तीन मिलिमीटरचं असतं आणि पहिले दोन-तीन दिवस पोटाला चिकटलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतं. ती संपली की त्याला तोंडात मावेल असं आणि हलणारं अन्न लागतं. सुरुवातीला पाण्यातले सूक्ष्मजीव पुरतात, पण पुढच्या वाढीसाठी आर्टेमियाच्या ताज्या पिल्लांसारखं दुसरं अन्न नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मुळीच पटत नाही. न खाल्लेला बलक कुजतो, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि पाण्याचा सामू (पीएच) 7 वरून 8 वर गेला की त्यातला विषारी मुक्त अमोनिया जवळपास दसपट होतो. मग टाकी एका रात्रीत रिकामी झाली की "घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं" असं सांगणारे भेटतातच. अशा वेळी आधी पाणी तपासावं.

आता आर्टेमियाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. हा खाऱ्या तळ्यांत आणि मिठागरांत राहणारा कोळंबीवर्गातला इवलासा जीव. डब्यातला प्रत्येक तपकिरी दाणा म्हणजे टणक कवचातला एक गर्भ, सुमारे चार हजार पेशींचा. वाढ थांबवून, पाणी गमावून तो निपचित पडलेला असतो. वाळताना पेशी फाटू नयेत म्हणून तो ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतो. पाणी गेलं की ही साखर प्रथिनांना आणि पेशीपटलांना धरून ठेवते. 1972 साली अपोलो 16 यानातून हे दाणे चंद्राच्या वारीवरही जाऊन आले.

खाऱ्या पाण्यात दाणा भिजला, प्राणवायू आणि उजेड मिळाला, की गर्भ जागा होतो. ट्रेहॅलोजचा काही भाग जाळून तो ऊर्जा मिळवतो आणि काहीचं ग्लिसरॉल बनवतो. हे ग्लिसरॉल कवचाच्या आत साचत जातं, परासरणाने बाहेरचं पाणी ओढतं, आतला दाब वाढतो आणि शेवटी कवच तडकतं. गर्भ पातळ पडद्यात गुंडाळलेलाच बाहेर येतो आणि रिकाम्या कवचाखाली, छत्रीला लोंबकळावा तसा, काही तास टांगून राहतो. मग पडदा फाडून पोहायला लागतो. पाणी जितकं खारट तितकं जास्त ग्लिसरॉल लागतं, म्हणजे तितकी साखर खर्च होते. म्हणून लिटरला 25 ते 30 ग्रॅम मीठ पुरे. आगरवाड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरातलं जाडं मीठ उत्तम.

पावसाळ्यात बिघडतं ते इथेच. कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे सुमारे 0.3 ग्रॅमपर्यंत पाणी असेल तर दाण्यात चयापचय जवळजवळ शून्य असतो. 0.6 ग्रॅमच्या पुढे गेलं की श्वसन आणि वाढ नीट सुरू होते. या दोहोंच्या मधली अवस्था घातक. रासायनिक क्रिया अर्धवट जाग्या होतात, साठा झिजतो, पण कवच फोडण्याइतकी मजल जात नाही. उघडा डबा, ओला चमचा, फ्रिजमधून काढताच झाकण उघडल्याने आत धरणारं दव, हे सगळं दाण्याला त्याच दिशेने ढकलतं. अशी अंडी नंतर कितीही चांगल्या पाण्यात घातली तरी साखरच उरली नसेल तर फुटणार कशाच्या जोरावर?

म्हणून मे संपण्याआधी मोठा डबा लहान हवाबंद बाटल्यांत वाटून टाकावा, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. हवी ती बाटली बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. फुटवण्यासाठी 26 ते 28 अंश सेल्सिअस तापमान, एअर पंपाचे बुडबुडे आणि दिव्याचा उजेड हवा. साधारण एका दिवसानंतर पंप बंद करून बाटलीच्या खालच्या भागाला टॉर्च लावावा. रिकामी कवचं वर तरंगतात आणि केशरी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने ओढून, गोड्या पाण्यात धुऊन लगेच टाकीत सोडावीत. या अवस्थेत ती काही खात नाहीत, स्वतःचाच साठा जाळतात, त्यामुळे सकाळी निघालेली पिल्लं संध्याकाळपर्यंत ठेवली तर फायटरच्या पोटात जाणारं पोषण तेवढं कमी झालेलं असतं.