निवडणूक प्रचारातील रूपके (महाराष्ट्र)

निवडणुकीला युद्ध, कुस्ती, वारा किंवा वाहन मानून प्रचार करण्याची रीत. नेता रूपक निवडतो तेव्हा प्रतिस्पर्धी कोण, निकाल कशाने लागतो आणि मतदाराचे काम काय, हेही ठरवून टाकतो.

युद्धाची शब्दावली सर्वांत झिजलेली. ‘रणशिंग’, ‘बालेकिल्ल्याला सुरुंग’, ‘खिंडार’ हे शब्द मथळ्यांतही सर्रास येतात, पण सभेत त्यांना टाळ्या मिळत नाहीत. टाळ्या फितुरीच्या शब्दांना. 1978 मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार पडल्यापासून शरद पवारांवर ‘पाठीत खंजीर’ खुपसल्याचा आरोप होत आला. 2022 च्या फुटीनंतर तोच खंजीर शिवसेनेच्या वादात आला. यात धोरणाचा प्रश्न मागे पडतो आणि मतदाराच्या वाट्याला फक्त शिक्षा देण्याचे काम उरते.

कुस्तीचे रूपक दोघांच्या सरळ लढतीत शोभते. तिरंगी सामना असला किंवा बंडखोर उभा राहिला, की ते लंगडे पडते. समोर पैलवानच नाही असे म्हणणे त्याहून धोक्याचे, कारण प्रतिस्पर्ध्याने नुसता शड्डू ठोकला तरी तो मोठा दिसतो. 2019 च्या विधानसभा प्रचारात देवेंद्र फडणवीस यांनी आपले पैलवान तेल लावून तयार आहेत, पण समोर कोणी दिसत नाही, असे म्हटले. पवार तेव्हा राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्ष. त्यांनी आखाड्याच्याच भाषेत उत्तर दिले. निकालात भाजप 122 वरून 105 वर आला, राष्ट्रवादी 41 वरून 54 वर गेली. हे एका वाक्याने झाले नाही, पण त्या वाक्याने विरोधकांना आयता विषय दिला.

‘लाट’, ‘हवा’, ‘अंडरकरंट’ (वरून न दिसणारा कल) यांना कर्ता नसतो. त्यामुळे स्वतःचे काम नसलेल्या उमेदवाराला ती सोयीची आणि हरलेल्यालाही. तोटा बूथवर दिसतो : लाटेच्या भरवशावर कार्यकर्ता मतदारयादी घेऊन दारोदार जात नाही.

रूपक नाकारले की तेच चित्र पुन्हा ऐकू येते. म्हणून मुरलेला वक्ता ते ठेवतो आणि त्यातली भूमिका बदलतो. तीन पक्षांच्या महाविकास आघाडीला ‘तीन चाकी रिक्षा’ म्हणून हिणवले गेले, तेव्हा उद्धव ठाकरे यांनी रिक्षा हे गरिबाचे वाहन असल्याचे सांगितले. 2022 मध्ये एकेकाळी रिक्षा चालवलेल्या एकनाथ शिंदे यांनी, रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकले, असे म्हणून तीच रिक्षा ठाकरे यांच्याविरुद्ध वळवली. 2023 मध्ये अजित पवार सत्तेत आल्यावर सत्ताधाऱ्यांच्या ‘डबल इंजिन’ सरकारचे ‘ट्रिपल इंजिन’ झाले. तीनचा आकडा आता दोष राहिला नव्हता.