त्सुबोनिवा

त्सुबोनिवा म्हणजे जपानी घराच्या आत, खोल्या आणि भिंतींच्या मधल्या उघड्या जागेत केलेली अगदी छोटी बाग. त्सुबो हे तिकडचं जागा मोजायचं जुनं माप, साधारण ३.३ चौरस मीटर म्हणजे दोन तातामी चटया, त्यावरून आकाराचा अंदाज यावा. हेइआन काळात (७९४ ते ११८५) राजवाड्यातल्या चौकांना तिथल्या झाडावरून नावं असायची, पण आज आपण फोटोत बघतो ती बाग मुख्यतः क्योतोच्या व्यापाऱ्यांच्या माचिया घरांतली.

ही घरं रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब, क्योतोत त्यांना वाम माशाचं अंथरूण म्हणतात. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, म्हणजे मधल्या खोल्यांत उजेड येणार कुठून, म्हणून मध्ये आभाळ उघडं ठेवायचं आणि तिथे बाग. मोठ्या घरात मागेही एक बाग असते, उन्हाळ्यात एकीत पाणी शिंपडलं की ती गार पडते, दुसरी उन्हाने तापलेली राहते आणि त्या फरकामुळे मधल्या खोल्यांतून वारा फिरतो. खरं तर पंखा आणि खिडकीचं काम ही बागच करते, सौंदर्य वगैरे नंतर!

दगडी दिवा, हात धुवायचं दगडी पात्र (त्सुकुबाई) आणि पाऊलदगड हे सगळं सोळाव्या शतकात बहरलेल्या चहा-समारंभाच्या परंपरेतून आलं. ऊन कमी म्हणून झाडं सावलीतली, नेचे, शेवाळ, आओकी, यात्सुदे, एखादा बांबू. फुलं फार नाहीतच, आणि गर्दी केली तर सगळं बिघडतं, अर्धी जागा रिकामीच ठेवायची. पाऊलदगड असले तरी फिरायला कोणी जात नाही, खोलीत जमिनीवर बसून बघायचं, म्हणून सगळी मांडणी बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीने केलेली. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यानही जपानी धर्तीचंच, पण ते जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवर बेतलेलं, चालत फिरायचं, तो प्रकारच वेगळा.

मंदिरांत मात्र कधी कधी झाडंही नसतात. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिर-परिसरातल्या र्योगेनइन या छोट्या मंदिरात १९५८ साली केलेली तोतेकिको ही दोन इमारतींच्या मधली चिंचोळी पट्टी, त्यात फक्त दगड आणि दगडांभोवती थेंब पडल्यासारखी वर्तुळं ओढलेली पांढरी वाळू. जपानमधली सगळ्यात छोटी दगडी बाग म्हणून ती दाखवतात.