विली मेज धावला तो कशाच्या भरवशावर?

29 सप्टेंबर 1954. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, आठवा डाव, 2-2 अशी बरोबरी. क्लीव्हलँडच्या विक वर्ट्झने टोलवलेला चेंडू सेंटर फील्डमधल्या, म्हणजे फलंदाजासमोर दूरवर मधोमध उभ्या असलेल्या, विली मेजच्या डोक्यावरून निघाला. मेजने चेंडूकडे पाठ केली आणि कुंपणाच्या दिशेने धूम ठोकली. फलंदाजापासून जवळपास 130 मीटरवर, पाठमोराच, खांद्यावरून येणारा चेंडू त्याने ग्लोव्हमध्ये घेतला आणि गर्रकन वळून फेकला. बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेतल्या टप्प्यांवर, दोन धावपटू होते, पण धाव एकही झाली नाही.

चेंडू हवेत असतो चार-पाच सेकंद. तेवढ्यात तो कुठे पडणार हे खेळाडूला कळतं कसं? सीमारेषेवर उंच झेल घेणाऱ्या आपल्या क्रिकेटपटूंनाही हाच प्रश्न लागू पडतो.

सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1968 मध्ये एक सुंदर उत्तर मांडलं. जागा आधी ओळखायची गरजच नाही. चेंडूकडे बघताना नजर वर चढत जाते. ती अधिकाधिक वेगाने चढू लागली, तर चेंडू मागे जाणार. चढण्याचा वेग फारच मंदावला, तर तो पुढ्यातच पडणार. म्हणून नजरेची चढण एकसारखी राहील अशा बेताने पुढे-मागे धावायचं. गणितात ही चढण कोनाच्या टॅन्जंटने मोजतात, पण खेळाडूला त्याचा पत्ताही नसतो. पीटर मॅक्लाउड आणि झोल्टान डीन्स यांनी 1993 मध्ये झेल घेणाऱ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा ते खरोखरच असे धावताना दिसले. बाजूला जाणाऱ्या चेंडूसाठी मायकेल मॅकबेथ आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये थोडा वेगळा नियम सुचवला. पुढे डोक्यावर कॅमेरा बांधलेले कुत्रेही फ्रिस्बी पकडताना तसंच करताना आढळले!

या पद्धतीची खरी ताकद वाऱ्यात दिसते. मेजचा संघ 1958 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि 1960 पासून कँडलस्टिक पार्कवर खेळू लागला. तिथला भोवऱ्यासारखा वारा कुप्रसिद्ध होता. आधी केलेला कुठलाही हिशोब तिथे कोलमडला असता. क्षणोक्षणी दुरुस्त होणारी धाव मात्र टिकते. 1957 ते 1968 अशी सलग 12 वर्षं मेजला गोल्ड ग्लोव्ह हा उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला.

पण 1954 चा तो झेल या नियमात पुरता बसत नाही, आणि मला तो त्यामुळेच मोलाचा वाटतो. धावताना बराच वेळ मेजची नजर चेंडूवर नव्हतीच. म्हणजे पहिल्या क्षणांत जे दिसलं, त्यावरून त्याने अंदाज बांधला असणार. थेट अंगावर येणाऱ्या चेंडूची वक्ररेषा समोरून दिसत नाही, त्यामुळे हा अंदाज सर्वात अवघड. बॅटचा आवाज अशा वेळी मदत करतो असं भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट अडेर यांचं म्हणणं होतं: चेंडू नीट बसला की कडक ‘टक्’, चुकीच्या जागी लागला की बोदा आवाज. 90 मीटरवर तो पाव सेकंदाने पोहोचतो, तरीही उपयोगी पडतो.

वय मात्र पायांना सोडत नाही. झटपट धावायला लागणारे स्नायुतंतू वयाबरोबर बारीक होतात. 1973 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, ओकलंडच्या कडक उन्हात, 42 वर्षांचा मेज चेंडूमागे धावताना अडखळून पडला. त्याच सामन्याच्या 12व्या डावात त्याच्याच फटक्याने त्याचा तेव्हाचा संघ मेट्स आघाडीवर गेला. त्या मोसमानंतर तो निवृत्त झाला. आउटफिल्डर, म्हणजे दूरचा क्षेत्ररक्षक, म्हणून 7,095 फलंदाज-धावपटू बाद करण्याचा त्याचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.