टर्बो इंजिनात ठिणगी उशिरा का पाडतात?

'फक्त सॉफ्टवेअर बदला, टायमिंग थोडं पुढे घ्या आणि ताकद वाढवा' अशा जाहिराती टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) असलेल्या गाड्यांच्या मालकांना वरचेवर दिसतात. टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ; ठिणगी जितकी लवकर पडेल तितकी ताकद जास्त, असा समज त्यांच्या मुळाशी असतो. साध्या इंजिनात तो एका मर्यादेपर्यंत खराही आहे. टर्बो इंजिनात मात्र याच समजापायी पिस्टन फुटतात.

सिलिंडरमध्ये पेट्रोलचा स्फोट होतो असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात स्पार्क प्लगपाशी ज्योत पेटते आणि तिथून भिंतींकडे पसरत जाते. सगळं मिश्रण जळायला साधारण 2 ते 3 मिलिसेकंद लागतात. इंजिन 3000 आरपीएमवर असेल तर पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो, म्हणजे जळण पुरं होईपर्यंत तो 45 अंशांच्या आसपास पुढे गेलेला असतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. क्रँक माथ्याच्या पुढे 12 ते 16 अंश गेलेला असताना दाबाचा कळस आला, तर सर्वाधिक टॉर्क मिळतो.

हे गणित टर्बो बिघडवतो आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. ज्योत पसरते तेव्हा कोपऱ्यात उरलेलं, अजून न जळलेलं मिश्रण तिच्या मागच्या तापलेल्या वायूंमुळे आणखी दाबलं जातं आणि तापतं. ते ज्योतीची वाट पाहत थांबत नाही. त्याच्या आत संथपणे रसायनक्रिया सुरू झालेली असते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठत जातं. तापमान 900 ते 1000 केल्विनपर्यंत गेलं की त्याचा प्रत्येक रेणू फुटून हायड्रॉक्सिलचे दोन तुकडे होतात. हे तुकडे इंधनाच्या रेणूंवर तुटून पडतात आणि उरलेलं सगळं मिश्रण एकदम पेट घेतं. हेच नॉकिंग. दाबाच्या लाटा सिलिंडरभर आपटतात आणि नेहमीच्या आकाराच्या सिलिंडरमध्ये 6 ते 7 किलोहर्ट्झचा टणटणाट होतो. भिंतींलगतचा वायूचा पातळ थर धातूला उष्णतेपासून वाचवत असतो, तो या लाटा उखडून टाकतात.

ज्योत आधी पोचते की हे रसायन आधी भडकतं, यावर सगळं ठरतं. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून ती तापते. आत येणारी हवा 40 अंशांनी जास्त गरम असेल, तर दहापट आकुंचनानंतर तो फरक 80 अंशांच्या पुढे जातो. ही हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो तो यासाठी. पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही हे सांगणारा ऑक्टेन क्रमांकही याच शर्यतीशी निगडित आहे. सरळ साखळीचा हेप्टेन लवकर भडकतो म्हणून त्याचा क्रमांक 0, फांद्या असलेला आयसोऑक्टेन टिकाव धरतो म्हणून त्याचा 100. एका किलोमागे दोघांतली ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलात जास्त शक्ती भरलेली असते हे खरं नाही, आणि इंधनाच्या नळीवर चुंबक लावून ज्वलन सुधारतं हा तर निव्वळ भ्रम आहे.

ठिणगी उशिरा पाडली की दाबाचा कळस पिस्टन बराच खाली आल्यावर येतो. तोवर जागा वाढलेली असते, कोपऱ्यातलं मिश्रण कमी दाबलं जातं आणि ज्योत शर्यत जिंकते. साध्या इंजिनात पूर्ण लोडला माथ्याआधी 25 ते 30 अंशांवर पडणारी ठिणगी जोरदार बूस्टखाली (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाखाली) 10 ते 15 अंशांवर, कधी त्याहूनही मागे आणावी लागते.

टायमिंग बसवताना आधी ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) ते एका आकड्यावर, समजा 10 अंशांवर, स्थिर करतात आणि टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) क्रँकच्या पुलीवरची खूण तपासतात. आरपीएम वाढवल्यावर खूण सरकली, तर क्रँकची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा संकेत उशिरा पोचतो आहे असं समजावं. हे न तपासता पुढचा कुठलाही आकडा विश्वासाचा नाही. मग डायनोवर (इंजिनाचा टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश पुढे घेत टॉर्क बघतात. साध्या इंजिनात चांगलं पेट्रोल असेल तर टॉर्क वाढायचा आपणहून थांबतो. जोरदार बूस्टखाली टॉर्क वाढतच असतो आणि तेवढ्यात नॉकिंग सुरू होतं, म्हणून त्याच्या दोन-तीन अंश अलीकडेच थांबायचं. नॉक सेन्सर ऐनवेळी टायमिंग मागे खेचतो खरा, पण तो अपघात टाळण्यासाठी असतो, रोजच्या भरवशासाठी नाही.

टायमिंग मागे घेण्याचीही किंमत मोजावी लागते. उशिरा जळलेल्या वायूंना पिस्टनवर काम करायला पुरेसा वाव मिळत नाही, आणि ती उष्णता एक्झॉस्टमधून थेट टर्बाइनवर, म्हणजे टर्बो फिरवणाऱ्या चाकावर, जाते. पेट्रोल इंजिनाच्या टर्बाइनची मर्यादा साधारण 950 ते 1050 अंश सेल्सिअस असते. म्हणून जाणता ट्यूनर टॉर्कबरोबर एक्झॉस्टचं तापमानही सतत पाहतो आणि ते मर्यादेला भिडू लागलं, तर टायमिंग आणखी मागे न घेता बूस्ट कमी करतो.