लॉगिन होते, मग यादी का येत नाही? एफटीपीच्या दोन जोडण्यांची पार्श्वभूमी

पासवर्ड बरोबर, लॉगिन झाले, पण फायलींची यादी मागितली की सॉफ्टवेअर अडकते आणि शेवटी ४२५ हा कोड दाखवते, म्हणजे डेटाची जोडणी उघडली नाही. एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फायली पाठवण्याची जुनी पद्धत, वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दोष बहुधा सर्व्हरच्या बिघाडात नसतो, जुन्या रचनेत असतो.

एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे नेटवर्कचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज), १६ एप्रिल १९७१चा. लेखक अभय भूषण, आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवरच्या, संगणकांचे ना अक्षरसंच जुळत होते, ना फायली साठवण्याच्या पद्धती. पुढे राहिलेला आस्की मोड, म्हणजे साध्या मजकुरासाठीची पद्धत, त्याच गरजेतला: तो ओळींचे शेवट समोरच्या संगणकाप्रमाणे बदलतो. झिप फाइल चुकून या मोडने युनिक्सवरून विंडोजवर आली, तर १० किमतीच्या प्रत्येक बाइटला ओळीचा शेवट समजून त्याआधी १३ किमतीचा बाइट घुसवला जातो, फाइल फुगते आणि उघडत नाही. दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये ताडून पाहिला की हे लगेच कळते.

१९८५च्या आरएफसी ९५९ने आजचे रूप पक्के केले. आज्ञा पोर्ट २१वर, फायली आणि याद्या मात्र वेगळ्या जोडणीवर. ॲक्टिव्ह पद्धतीत क्लायंट, म्हणजे आपल्याकडचे सॉफ्टवेअर, आपला पत्ता सहा आकड्यांत कळवतो. १९२,१६८,१,५,१९५,८० यातले पहिले चार म्हणजे आयपी, उरलेल्या दोनांतून पोर्ट: १९५ × २५६ + ८० = ५००००. सर्व्हर पोर्ट २०वरून उलट तिथे जोडणी करतो. प्रत्येक संगणकाला थेट पत्ता होता तोवर हे ठीक चालले. नॅट (अनेक संगणकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) आणि फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत) आल्यावर सर्व्हरला मिळणारा पत्ता घरातल्या नेटवर्कचा, बाहेरून निरुपयोगी.

उपाय, म्हणजे पॅसिव्ह पद्धत, आरएफसी ९५९मध्येच होता: त्यात सर्व्हर आपला पत्ता आणि पोर्ट कळवतो आणि क्लायंटच तिथे जोडणी करतो. १९९४च्या आरएफसी १५७९ने क्लायंटनी तोच आधी वापरावा असे सुचवले. पण सर्व्हरही नॅटमागे असेल तर हा पत्ता कळवणाऱ्या २२७ कोडच्या उत्तरात तोसुद्धा खासगी पत्ता देतो. म्हणून सर्व्हरमध्ये बाहेरचा आयपी भरायचा, ५०००० ते ५०१०० असा पोर्टचा पट्टा ठरवायचा आणि तोच फायरवॉलमध्ये उघडायचा. सर्व्हर आणि फायरवॉल या दोनपैकी एकीकडेच केले की पुन्हा तीच अडचण.

मोठ्या फायलींचे दुखणे वेगळे. डेटा तासभर वाहतो, आज्ञांची जोडणी तेवढा वेळ मुकी राहते, राउटर ती तोडून टाकतो. फाइल पूर्ण पोचते, पण काम पूर्ण झाल्याचा २२६ हा कोड येत नाही आणि क्लायंट तिला अपयशी ठरवतो. सेटिंगमधले कीप-अलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवायला अधूनमधून काहीतरी पाठवत राहणे, यासाठीच असते.

पासवर्ड उघडा जातो, ही खरी गंभीर उणीव. १९९५मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीच्या प्रकारानंतर एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सांकेतिक रूपात बोलण्याची पद्धत, जन्मले आणि त्यातून फायलींसाठीचे एसएफटीपी. नाव सारखे, वंश वेगळा: सगळे पोर्ट २२वरच्या एकाच जोडणीतून जाते. गंमत म्हणजे एसएफटीपी इतके रुळूनही त्याचे मसुदे आरएफसीपर्यंत पोचलेच नाहीत.

एफटीपीएसचे, म्हणजे टीएलएसने (वेबसाइटच्या https मधल्याच सांकेतिक कवचाने) झाकलेल्या एफटीपीचे, नियम २००५च्या आरएफसी ४२१७त आले. त्याने पासवर्ड झाकला, पण जोडण्या दोनच ठेवल्या. काही राउटर आज्ञा वाचून आतला पत्ता दुरुस्त करायचे आणि हवा तो पोर्ट आपणहून उघडायचे. झाकलेली आज्ञा त्यांना वाचता येत नाही. साध्या एफटीपीने यादी येते आणि एफटीपीएसने अडते, तेव्हा प्रमाणपत्र तपासत बसण्याआधी पोर्टचा पट्टा पाहावा.